आधी शहर, मग पाळणे

आमच्या गोंदियाकडे लग्न ठरलं की मांडव, बँड आणि जेवणाची चर्चा साक्षगंधाच्या दिवशीच सुरू होते. हनिमूनचा विषय मात्र पत्रिका वाटून झाल्यावर निघतो, तोही कुणा भाऊजींनी चिडवल्यावर. मग मनाली, गोवा, केरळ ही ठरलेली नावं येतात आणि एजंटाने पाठवलेल्या पॅकेजवर बोट ठेवून सगळे मोकळे होतात. आम्ही दोघांनी हैदराबाद निवडलं: थोडं शहर, थोडे थीम पार्क. पुढे नणंदेचं, मावसभावाचं, शाळेतल्या मैत्रिणींचं लग्न झालं तेव्हा त्यांच्याही सहलीच्या आखणीत मला बसवलं गेलं. त्यातून जमलेले हे बोल. ठिकाणं कुणीही सुचवतं. कोणत्या दिवशी किती थकायचं आणि कशाला नाही म्हणायचं, हे मात्र दोघांनाच ठरवावं लागतं.

१. दोघांनी वेगवेगळ्या कागदावर लिहा

साक्षगंध ते लग्न या काळात फोनवर पुष्कळ बोलणं होतं, पण त्यातलं निम्मं "तुला चालेल ना?" आणि "हो, मला काहीही चालेल" यातच जातं. या ‘काहीही चालेल’वर प्लॅन उभा राहत नाही. आम्ही आपापल्या घरी बसून कागदावर लिहिलं: नक्की हवं ते, अजिबात नको ते. एकमेकांना विचारायचं नाही आणि फोटो एकाच वेळी पाठवायचा. त्याच्या कागदावर पहिल्याच ओळीत रोलर कोस्टर होता, माझ्या कागदावर हैदराबादचं सालारजंग म्युझियम आणि लाडबाजार. ‘नको’खाली त्याने ‘दिवसभर खरेदी’ लिहिलं होतं आणि मी ‘रोज पहाटे उठून धावपळ’. दोघांचंही भागेल असं गाव शोधायचं, इथून विचार सुरू झाला. नियम एकच ठेवला, समोरच्याच्या ‘नको’चं कारण विचारायचं नाही. ते पुढे सावकाश कळतं, आणि नाही कळलं तरी बिघडत नाही.

२. देवदर्शन आधी, आणि वेगळं

आपल्याकडे नव्या जोडप्याची पहिली वाट देवाकडे जाते. कुणी रेल्वेने डोंगरगडच्या बम्लेश्वरीला जातं, कुणी गोरेगाव तालुक्यातल्या मांडोदेवीला, तर कुणी अर्जुनी मोरगावकडच्या प्रतापगडाला. सत्यनारायण झाला की हे दर्शन लगेच उरकून घ्या. त्याने घरातल्या मोठ्यांचं समाधान होतं आणि नंतरच्या प्रवासाला कुणी फाटे फोडत नाही. आमच्या आजेसासूबाईंनी वॉटर पार्कचं नाव ऐकून विचारलं होतं, "पान्यात भिजाले एवढे पैसे देता जी? आपल्या इथं पाऊस कमी पडते का?" त्या प्रश्नाला उत्तर नव्हतंच. पण दर्शन झालेलं असल्यामुळे पुढे त्यांनी स्वतःच पिशवीत चिवडा भरून दिला.

एक सूचना हमखास येते: "हैदराबादला जाताच आहात तर तिरुपतीही करून या." नकाशा उघडून दाखवा. हैदराबादहून तिरुपती म्हणजे आणखी एका रात्रीचा प्रवास, शिवाय दर्शनाची रांग आणि तेवढाच परतीचा रस्ता. चार-पाच दिवसांच्या सहलीत ते बसत नाही. तिरुपती करायचंच असेल तर घरच्यांना घेऊन वेगळं जा.

३. ठिकाण निवडताना नातेवाईक कुठे राहतात तेही पाहा

गोंदियाहून मुंबईला विदर्भ एक्सप्रेस आहे, पुण्यामार्गे कोल्हापूरला महाराष्ट्र एक्सप्रेस आहे. त्यामुळे मुंबई आणि खोपोलीजवळचं इमॅजिका ही जोडी पहिल्यांदा डोळ्यांपुढे येते. २०१३ मध्ये सुरू झालेलं इमॅजिका रोलर कोस्टरच्या शौकिनांसाठी उत्तम आहे. पण पुण्यात आमच्या एक आत्याबाई, एक मामा आणि नात्यातली अर्धी तरुण पोरं नोकरीला. पुण्याला जाऊन त्यांच्याकडे मुक्काम केला नाही तर रुसवे, केला तर हनिमून कसला? हैदराबादमध्ये ओळखीचं कुणी नव्हतं. ही गोष्ट आम्ही घरात कुठे बोललो नाही, पण ठिकाण ठरताना तिचं वजन मोठं होतं.

दुसरं असं की, वडीलधाऱ्यांच्या आठवणीतल्या पार्कवर प्लॅन बांधू नका. गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झालं आणि एका पिढीच्या मनात मुंबईची सहल म्हणजे तेच. ते काही वर्षांपासून बंद आहे. कोणत्याही पार्कचं नाव आलं की आज ते चालू आहे का, कोणता भाग दुरुस्तीला आहे, हे त्यांच्याच अधिकृत पानावर पाहा.

परदेशाची हौस असेल तर सिंगापूर सोयीचं पडतं, कारण सेंटोसा बेटावरचं युनिव्हर्सल स्टुडिओज शहराला लागूनच आहे. हाँगकाँगचं डिस्नेलँडही शहराच्या मेट्रोने गाठता येतं. शहर आणि पार्क यांच्यात अंतर किती, हा प्रश्न देशात असो की परदेशात, सगळ्यात आधी विचारावा.

४. आधारकार्डावर जे नाव, तेच तिकिटावर

लग्नाच्या उत्साहात दीर भराभर तिकीट काढून देतो आणि नवरीचं नाव नव्या आडनावाने टाकतो. ओळखपत्रावर माहेरचं नाव असतं. विमानाने जायचं असेल तर यात फार त्रास होतो. लग्नानंतर नाव बदलायचं की नाही हा वेगळा विषय आहे, तो हनिमूनच्या तिकिटावर सोडवू नका. हॉटेलातही दोघांची ओळखपत्रं मागतात आणि दोन आडनावं, दोन पत्ते पाहून काही ठिकाणी प्रश्न विचारतात. लग्नपत्रिकेचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या आणि हॉटेलला आधीच फोन करून विचारा.

रेल्वेचं आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. मुहूर्त निघाला की कॅलेंडरवर साठ दिवस मागे मोजून दोन खुणा करा, एक जाण्याची आणि एक परतीची. लग्नसराईत वऱ्हाडंही रेल्वेनेच हिंडतात, म्हणून परतीचं तिकीट शेवटावर ठेवू नका.

गोंदियाहून हैदराबादला जाण्याचा सगळ्यात गोड रस्ता सौंदड, अर्जुनी, वडसा, नागभीड, चांदा फोर्ट, बल्लारशाह असा रेल्वेचा. कोरबा–यशवंतपूर वैनगंगा एक्सप्रेस आठवड्यातून दोनदा ह्याच मार्गाने हैदराबादच्या काचिगुड्याला जाते. नागपूरहून निघायचं तर सप्टेंबर २०२४ पासून सिकंदराबादची वंदे भारत आहे. ती पहाटे सुटते, म्हणजे आदली रात्र नागपुरात. गोंदियाच्या बिरसी विमानतळावरून इंडिगोने १ डिसेंबर २०२३ ला हैदराबाद–तिरुपती सेवा सुरू केली. मात्र छोट्या गावांच्या विमानांची वेळापत्रकं बदलत असतात. त्याआधी २०२२ मध्ये सुरू झालेली दुसऱ्या कंपनीची इंदूर–गोंदिया–हैदराबाद सेवा काही महिन्यांतच थांबली होती. विमानाचं तिकीट काढलं तरी रेल्वेचा पर्याय माहीत असू द्या.

५. तारीख ठरवताना तीन कॅलेंडरं पाहा

पहिलं पंचांग, ते घरचे पाहतातच. दुसरं तेलंगणातल्या शाळांचं. तिथल्या मोठ्या सुट्ट्या एप्रिलच्या शेवटापासून जूनच्या मध्यापर्यंत, शिवाय बतुकम्मा–दसऱ्याला आणि संक्रांतीला. या दिवसांत पार्कमध्ये पाय ठेवायला जागा नसते. नाताळचा आठवडाही टाळा. मंगळवार, बुधवार, गुरुवार हे पार्कचे दिवस, शनिवार-रविवार शहरासाठी. उन्हाळ्याचं म्हणाल तर हैदराबाद दख्खनच्या पठारावर, पाचशे मीटरहून जास्त उंचीवर आहे. दुपार तापते, पण गोंदिया-नागपूरचा मे महिना सोसलेल्या माणसाला तिथली संध्याकाळ बरी वाटते.

तिसरं कॅलेंडर नवरीचं स्वतःचं. पाळीच्या तारखा धरूनच वॉटर पार्कचा दिवस ठरवावा, आणि हे होणाऱ्या नवऱ्याला सरळ सांगावं. लाजून गप्प राहिलात तर तिकिटं चुकीच्या दिवसाची निघतात. लग्नाच्या मुहूर्तासाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या आपल्याकडे सर्रास घेतल्या जातात आणि मग हनिमूनसाठी त्याच लांबवल्या जातात. मैत्रिणीच्या सांगण्यावरून हे करू नका, स्त्रीरोगतज्ज्ञाला विचारा. त्यापेक्षा कोरड्या राइडचा आणि पाण्याचा दिवस एकमेकांशी बदलता येईल अशी आखणी करणं सोपं.

६. मुक्काम नकाशा पाहून, फोटो पाहून नाही

हैदराबाद फार पसरलेलं आहे. हायटेक सिटीकडची हॉटेलं दिसायला देखणी, पण ती शहराच्या पश्चिमेला. रामोजी फिल्म सिटी त्याच्या नेमकी उलट बाजूला, विजयवाड्याच्या महामार्गावर, शहरापासून साधारण तीस किलोमीटर. वंडरला पार्क दक्षिणेला रावीरालाजवळ, बाहेरच्या रिंग रोडला लागून. जुनं शहर मध्ये. पश्चिमेला खोली घेतली तर रामोजीच्या दिवशी सकाळची आणि संध्याकाळची गर्दी दोन्ही अंगावर येतात.

आम्ही मुक्काम दोन भागांत वाटला. आधी कोठी–आबिड्स भागात, कारण काचिगुडा स्टेशन जवळ, चारमिनार जवळ आणि मेट्रो दाराशी. नंतर दिलसुखनगर–एलबी नगर बाजूला, कारण तिथून दोन्ही पार्क सोयीचे. मियापूर–एलबी नगर ही मेट्रोची लाल मार्गिका दोन्ही भागांना जोडते, त्यामुळे बॅगा घेऊन हलणंही अवघड गेलं नाही. कोठी, सुलतान बाजार, काचिगुडा हा जुन्या मराठी वस्तीचा भाग आहे. १९५६ पर्यंत मराठवाडा आणि हैदराबाद एकाच राज्यात होते. १९०७ मध्ये स्थापन झालेली विवेकवर्धिनी ही शिक्षणसंस्था इथलीच. रस्त्यात मराठी कानावर पडलं की परक्या गावाची भीती अर्धी होते, विशेषतः घरापासून पहिल्यांदाच इतकं लांब आलेल्या मुलीची.

७. आधी शहर, मग पाळणे

बहुतेक जोडपी उलट करतात. पोचल्या पोचल्या पार्क, कारण तिकीट महाग आणि उत्साह ताजा. पण हळद, लग्न, वरात, गृहप्रवेश, सत्यनारायण या सगळ्यात झोप कुणाची झालेली असते? तो थकवा अंगात असताना सकाळी दहा ते संध्याकाळी सहा उभं राहणं म्हणजे शिक्षा. शहर तुमच्या वेळेने चालतं. उशिरा उठता येतं, मधेच खोलीवर परतता येतं. म्हणून पहिले दिवस शहराला द्यावेत.

एक ध्यानात ठेवा, जुन्या शहराला शुक्रवारी जाऊ नका. सालारजंग आणि चौमहल्ला राजवाडा दोन्ही शुक्रवारी बंद असतात. सालारजंगमध्ये संगीत घड्याळापुढे तासाच्या ठोक्याला लोक जमतात. आतला छोटा पुतळा बाहेर येतो, तासाचे टोले देतो आणि परत जातो. बाराच्या टोल्यांना सगळ्यात जास्त गर्दी. त्याच इमारतीत बेंझोनी या इटालियन शिल्पकाराची ‘बुरख्यातली रेबेका’ आहे. संगमरवरातून अंगावरचा झिरझिरीत पदर दिसतो कसा, हे पाहताना माझा नवरा, ज्याला म्युझियम म्हणजे कंटाळा वाटायचा, तो माझ्याहून जास्त वेळ थांबला.

१५९१ मध्ये मुहम्मद कुली कुतुबशहाने बांधलेला चारमिनार, त्याच्या बगलेला लाखेच्या बांगड्यांचा लाडबाजार, समोर इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किटं: हा संध्याकाळचा फेरा. गोवळकोंडा सकाळी लवकर करा, चढ भरपूर आहे. फतेह दरवाज्याच्या घुमटाखाली टाळी वाजवली की ती वर बालाहिसारला ऐकू येते. आम्ही एकाने खाली आणि एकाने वर उभं राहून हे करून पाहिलं. हुसेनसागरातला अठरा मीटर उंचीचा एकसंध बुद्ध १९९० मध्ये नेताना पाण्यात बुडाला आणि १९९२ मध्ये वर काढून उभा केला. ही हकिकत नावेत बसल्यावर सांगण्यासारखी आहे.

८. रामोजी आणि वंडरला यांना एका मापाने मोजू नका

दोन्हीला लोक सरसकट थीम पार्क म्हणतात आणि मग एकाच्या अपेक्षा घेऊन दुसरीकडे जातात. रामोजी हा मुळात चित्रपटांचा स्टुडिओ. रामोजी रावांनी तो १९९६ मध्ये उभा केला आणि जगातला सर्वात मोठा फिल्म स्टुडिओ म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद आहे. तिथे बसमधून फिरायचं, सेट पाहायचे, बागा पाहायच्या, स्टंटचे खेळ पाहायचे. इमारतीची एक बाजू इस्पितळ, दुसरी कोर्ट, मागे नुसत्या बल्ल्या. ‘बाहुबली’चं माहिष्मती अजून उभं आहे. हा पाहण्याचा आणि चालण्याचा दिवस. राइड आहेत, पण त्यांच्यासाठी तिथे जाऊ नये. खेळांच्या वेळा प्रवेशदारावर मिळणाऱ्या कागदावर असतात; आत शिरताच त्यातले दोन-तीन निवडा आणि बाकी फेरी त्यांच्याभोवती बसवा.

वंडरला हा राइडचाच पार्क. २००० मध्ये कोचीला पहिला पार्क सुरू करणाऱ्या कंपनीने हैदराबादचा पार्क २०१६ मध्ये उघडला. उलट्या दिशेनेही धावणारा ‘रिकॉइल’ कोस्टर इथला. कोरड्या राइड सकाळी रिकाम्या असतात आणि पाण्याच्या राइड बहुधा दुपारी सुरू होतात. म्हणून दार उघडताना पोचायचं, सगळ्यात मोठ्या रांगेची राइड सगळ्यात आधी करायची, दुपारी पाण्यात उतरायचं. दोन्ही पार्क लागोपाठच्या दिवशी ठेवू नका. मधे एक अर्धा दिवस तरी झोपेचा हवा.

९. दागिन्यांचा निर्णय घरीच घ्या

या विषयावर लेखांमध्ये फारसं काही सापडत नाही आणि नव्या नवरीला नेमकं इथेच अडायला होतं. हातात हिरवा चुडा, गळ्यात मंगळसूत्र, पायात जोडवी, आणि समोर पाण्याची घसरगुंडी. काचेची बांगडी पाण्यात फुटली तर तुमच्याच नव्हे, इतरांच्याही पायात जाते. कोस्टरवर लांब मंगळसूत्र अडकतं. जोडवी ओल्या पायातून सहज निसटतात. पार्कवाले सैल दागिने काढायला लावतात, आणि तिथे रांगेत उभं राहून सौभाग्यलेणं काढायचं हे कुणालाच बरं वाटत नाही.

मी निघण्याआधीच सासूबाईंना विचारलं. त्यांनी सोन्याचं मंगळसूत्र कपाटात ठेवलं, गळ्याशी बसणारी दोऱ्यातली काळी पोत दिली आणि म्हणाल्या, "परत आलीस की मग घाल, हे असू दे." चुड्याच्या जागी दोन्ही हातांत एकेक घट्ट धातूचं कडं. जोडवी त्या दिवसापुरती पाकिटात. विचारल्यामुळे त्यांचा मान राहिला आणि मी निर्धास्त झाले. जे घरात बोलता येतं ते लॉकरच्या खिडकीशी कशाला आणायचं?

कपड्यांचं म्हणाल तर वॉटर पार्कमध्ये सुती कपडे बहुतेक ठिकाणी चालत नाहीत, नायलॉन किंवा तत्सम कापड लागतं. तिथे भाड्याने मिळतं, पण मापाचं आणि अंगाला आवडेल असं मिळेलच असं नाही. गोंदियाच्या बाजारातून पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि पायघोळ पँट घेऊन ठेवली की लाज आणि ऊन दोन्हींची सोय होते. लग्नाआधीच्या फेशिअलने त्वचा नाजूक झालेली असते, तेव्हा सनस्क्रीन विसरू नका. मेंदी क्लोरीनच्या पाण्यात उतरते. मेंदी भरलेल्या हातांचे फोटो हवे असतील तर ते पहिल्या दिवसांत, शहरातच काढा. आधी शहर करण्याचं हेही एक कारण.

१०. राइडला नाही म्हणायला शिका, आणि ऐकायलाही

रोलर कोस्टरच्या पायथ्याशी उभं राहिल्यावर "चल ना, काही होत नाही" हे वाक्य ऐकू येतंच. मला उंचीची भीती आहे. मी नाही म्हटलं आणि खाली बाकावर त्याचा मोबाइल, चष्मा आणि पाकीट सांभाळत बसले. तो एकटा गेला, हसत परत आला, परत गेला. पाण्याच्या लाटांच्या तळ्यात मात्र मी पुढे होते आणि त्याला पोहता येत नसल्याने तो गुडघाभर पाण्यात. सगळं जोडीनेच करायचं असा आग्रह धरला असता तर दोघांचाही दिवस वाया गेला असता.

मान-पाठीचं दुखणं, रक्तदाब, हृदयाचा त्रास, नुकतं झालेलं ऑपरेशन असेल तर राइडच्या पाटीवर काय लिहिलंय ते वाचा आणि लपवू नका. लग्न ठरताना जे सांगायचं राहिलं असेल ते सांगायला हीसुद्धा वेळ असू शकते. पोटभर बिर्याणी खाऊन फिरत्या राइडवर बसू नका, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगते.

११. रांगेला वाया गेलेला वेळ समजू नका

जास्तीचे पैसे भरून रांग टाळायची तिकिटं मिळतात. गर्दीचा दिवस असेल, वेळ कमी असेल तर जरूर घ्या. पण साध्या दिवशी घेऊ नका असं मी आमच्याकडच्या जोडप्यांना आवर्जून सांगते. ठरवून झालेल्या लग्नात माणसं एकमेकांना फोनवर ओळखत असतात. हॉटेलच्या खोलीत समोरासमोर बसून "आता बोला" असं केलं की बोलणं सुचत नाही. रांगेत सुचतं. नजर दुसरीकडे असते, हाताला काम नसतं आणि पुढे काहीतरी मजेचं होणार असतं. त्याचा शाळेतला मार खाल्ल्याचा प्रसंग, माझं बारावीला गणितात राहिलेलं वर्ष, घरात कोण कुणाशी का बोलत नाही, हे सगळं मला रावीरालाच्या उन्हात, लोखंडी कठड्यांच्या मधे कळलं.

१२. आहेराची पाकिटं फोडण्याआधी आकडा ठरवा

हनिमूनचा खर्च कुणी करायचा हा आपल्याकडे नाजूक प्रश्न. कधी मुलाकडचे करतात, कधी सासरेबुवा हौसेने तिकिटं काढून देतात, आणि देणाऱ्याला ठिकाणाबद्दल मत असतंच. शक्य असेल तर दोघांनी आपल्या कमाईतून, नाहीतर आहेराच्या पैशातून करावा. आकडा आधी ठरवा, मग तो चार भागांत पाडा: प्रवास, मुक्काम, पार्क, वरखर्च. धानाच्या घरातल्या माणसांना हा हिशेब शिकवावा लागत नाही. पीक हातात येण्याआधी खर्चाची वाटणी आम्ही करतोच.

पार्कचा खर्च प्रवेशतिकिटावर संपत नाही. येण्याजाण्याची टॅक्सी, लॉकर, कपड्यांचं भाडं, आतलं जेवण, फोटोवाल्याचे पैसे. बाहेरचे खाण्याचे पदार्थ आत नेऊ देत नाहीत, आजीने दिलेला चिवडासुद्धा नाही. तेव्हा सकाळी भरपेट नाश्ता करून निघा. हॉटेलच्या पॅकेजमध्ये पार्कचं तिकीट ‘मोफत’ असेल तर ते कोणत्या दिवसाचं आणि काय काय धरून, हे विचारा. खर्च रोज रात्री एकाने लिहायचा आणि दुसऱ्याने बेरीज करायची. कोण कशावर हात सैल सोडतं ते दोघांनाही कळतं आणि पुढे गोंदियात आल्यावर त्याचा फार उपयोग होतो.

१३. भेटवस्तूंची यादी दोघांची, फोटोंचा नियमही दोघांचा

घरात बायका किती, एवढं मोजून लाखेच्या बांगड्या घ्या. मनगटाची मापं निघण्याआधी लिहून न्या, नाहीतर जाऊबाईंच्या हातात बांगडी चढत नाही आणि नणंदेच्या हातातून पडते. हैदराबादच्या लाखेच्या बांगड्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तिथे भाव सांगतात त्यावर गप्प बसायचं नसतं, मोकळेपणाने घासाघीस करा. पुरुषांना आणि पोरांना फळांची बिस्किटं पुरतात. माहेर-सासर दोन्हीकडे सारखंच न्या.

फोटोंचं निघण्याआधीच ठरवा. कुटुंबाच्या ग्रुपवर चारमिनार जाईल, गोवळकोंडा जाईल, वॉटर पार्क जाणार नाही. एकाने दुसऱ्याला न विचारता काहीही टाकायचं नाही. "फोटो पाठवा ना" असा तगादा लागला तर बुद्धाचा पुतळा पाठवा.

१४. एक दिवस कोरा सोडा

नणंदेने मला तिची यादी दाखवली तेव्हा तिच्यात एकही रिकामी दुपार नव्हती. मी पेन घेऊन दोन ठिकाणं खोडली. ती रुसली, पण परत आल्यावर त्या खोडलेल्या दिवसाचंच तिने सगळ्यात जास्त सांगितलं. दोघं दुपारी उठले, खालच्या हॉटेलात डोसा खाल्ला आणि मेट्रोत बसून या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन आले.

पार्कमध्ये काय करायचं ते पार्क सांगतो, शहरात नकाशा सांगतो. पुढे काय करायचं हे कुणीच सांगत नसताना दोघं कसे वागतात, ते फक्त कोऱ्या दिवशी कळतं. आणि रजा संपण्याच्या आदल्या दिवशी नव्हे, त्याच्याही आधी घरी या. घरी पाहुणे वाट पाहत असतात, माहेरी परत जाणं असतं, कपडे धुवायचे असतात. तुमची यादी तयार असेल तर ती समोर घ्या आणि तिच्यातलं एक ठिकाण आजच खोडा. कोणतं, ते मात्र दोघांनी मिळून ठरवा.